मूत्राशयाचा संसर्ग वारंवार होत असल्यास चिनी औषध घ्यावे का?

अंत्रुजवासिनी, फोंडा

नमस्कार. मी फोंडा तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत शिकवते. वय ५२, पाळी थांबलेली आहे. गेल्या वर्षभरापासून मला मूत्राशयाचा संसर्ग पुन्हा पुन्हा होत आहे. लघवी करताना जळजळ, सतत जावेसे वाटणे आणि गेल्यावर चार थेंबच होणे, ओटीपोटात जडपणा, अशी लक्षणे प्रत्येक वेळी येतात. आमच्या घरात याला उन्हाळी लागणे म्हणतात आणि त्यावर धण्या-जिऱ्याचे पाणी व उकड्या तांदळाची पेज हा पहिला उपाय केला जातो. त्याने थोडा आराम पडतो, पण दुखणे मुळातून जात नाही.

मागच्या वेळी लघवीचे कल्चर केले तेव्हा ई. कोलाय हा जीवाणू सापडला. सिप्रोफ्लॉक्सासिनला तो दाद देत नाही आणि नायट्रोफ्युरँटॉइनला देतो, असे रिपोर्टमध्ये होते. ते औषध घेतले की बरे वाटते, परंतु काही आठवड्यांनी पुन्हा तेच सुरू होते. दर वेळी प्रतिजैविक घेण्याचा आता मनापासून कंटाळा आला आहे आणि भीतीही वाटते.

माझी मावसबहीण सिंगापूरला राहते. चतुर्थीला आली तेव्हा तिने तिथल्या चिनी औषधांच्या दुकानातून माझ्यासाठी एक बाटली आणली. आत मिरीएवढ्या काळसर गोळ्या आहेत आणि एका वेळी आठ घ्यायच्या, असे दुकानदाराने तिला सांगितले होते. बाटलीवरचा जवळजवळ सगळा मजकूर चिनी लिपीत आहे. वाचता येण्याजोगे म्हणजे ‘बा झंग’ हे नाव आणि लघवीच्या तक्रारींसाठी असल्याचा उल्लेख, एवढेच. बहिणीच्या शेजारणीला या गोळ्यांनी पूर्ण गुण आला म्हणे.

या गोळ्या प्रतिजैविकाऐवजी घेता येतील का? चिनी वैद्यकात या आजाराकडे कसे पाहतात? आणि सुया टोचण्याच्या उपचाराने, म्हणजे अ‍ॅक्युपंक्चरने, हा त्रास पुन्हा होण्याचे थांबते असे ऐकले आहे, त्यात तथ्य किती? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.


निवृत्त डॉक्टर, बार्देश

आपण कल्चरचा निष्कर्ष दिलात हे फार चांगले केलेत, कारण त्यामुळे नेमके बोलता येते. सर्वप्रथम एक विनंती: या बाटलीतील एकही गोळी तूर्त घेऊ नका. कारण पुढे सांगतो, आणि ते थोडे विस्ताराने सांगावे लागेल.

‘बा झंग’ हे नाव चीनमधील सोंग राजवटीच्या काळापासून चालत आलेल्या एका प्रसिद्ध औषधयोगाचे, म्हणजे ठरलेल्या मिश्रणाचे आहे. त्यात आठ मुख्य द्रव्ये असतात आणि त्यांतील बरीचशी आपल्याला अगदीच अनोळखी नाहीत. रेवंदचिनी आहे, ज्येष्ठमध आहे, इसबगोलाच्या जवळच्या नात्यातील एका वनस्पतीचे बी आहे, शंखजिऱ्यासारखे टाल्क हे खनिजही आहे. अडचण आहे ती ‘मू टोंग’ नावाच्या वेलीच्या खोडाची. मूळ परंपरेत हे खोड अकेबिया या वेलीचे असे. विसाव्या शतकात चीनच्या बाजारात त्याऐवजी मांचुरियाकडील अ‍ॅरिस्टोलोकिया जातीच्या वेलीचे खोड सर्रास वापरात आले. त्याला ‘ग्वान मू टोंग’ म्हणतात. या वेलीत अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल असते. ते मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिका हळूहळू नष्ट करते, आणि मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंतच्या मूत्रमार्गाच्या अस्तराला त्यापासून कर्करोग होतो. म्हणजे ज्या अवयवासाठी औषध घ्यायचे, त्यालाच ते सर्वाधिक घातक ठरते.

ही केवळ शंका नाही. ब्रसेल्समधील एका वजन कमी करण्याच्या केंद्रात स्त्रियांना दिलेल्या गोळ्यांमध्ये एका चिनी वनस्पतीऐवजी चुकून अ‍ॅरिस्टोलोकियाची दुसरी जात आली. १९९३ मध्ये तेथील डॉक्टरांनी त्या स्त्रियांचे मूत्रपिंड वेगाने निकामी होत असल्याचे प्रसिद्ध केले. पुढे अशा रुग्णांची संख्या शंभरावर गेली. कित्येकींना डायलिसिस किंवा प्रत्यारोपण करावे लागले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्या ३९ रुग्णांचे निकामी मूत्रपिंड व मूत्रवाहिन्या खबरदारी म्हणून काढण्यात आल्या, त्यांपैकी १८ जणांच्या अस्तरात कर्करोग आढळला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अ‍ॅरिस्टोलोकिया असलेली वनौषधे २००२ मध्येच मानवात निश्चित कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या गटात टाकली. खुद्द चीनने २००३ मध्ये ग्वान मू टोंगचा औषधी वापर रद्द केला. त्यामुळे आज नियमानुसार बनवलेल्या औषधात ते असू नये, हे मान्य. परंतु आपल्या हातातील बाटली कोणी बनवली, केव्हा बनवली आणि ‘मू टोंग’ म्हणून आत नेमके कोणते खोड कुटले, हे आपल्याला वाचताही येत नाही. या विषाची पहिली लक्षणे जाणवेपर्यंत मूत्रपिंडाचे बरेच नुकसान झालेले असते, आणि लघवीच्या नेहमीच्या तपासणीत ते आम्ल दिसत नाही. शेजारणीला गुण आला याचा अर्थ तिचे मूत्रपिंड सुरक्षित आहे असा होत नाही.

आता प्रतिजैविकाच्या बदल्यात हे घेता येईल का, या प्रश्नाकडे येतो. इथे दोन स्थिती वेगळ्या ठेवाव्या लागतात. एक, संसर्ग चालू असताना. दुसरी, दोन संसर्गांच्या मधला काळ. चालू संसर्गात जीवाणू मूत्राशयाच्या अस्तराला चिकटलेले असतात आणि तेथून वर मूत्रपिंडापर्यंत चढण्याची शक्यता असते. स्त्रियांची मूत्रनलिका साधारण ४ सेंटिमीटरच लांब असल्यामुळे जीवाणूंना आत शिरायलाही अडसर कमी. या टप्प्यावर कल्चरप्रमाणे दिलेले प्रतिजैविक हाच खात्रीचा उपाय आहे. नायट्रोफ्युरँटॉइन साधारण पाच दिवस देतात, फॉस्फोमायसिनची ३ ग्रॅमची एकच मात्रा असते. ही दोन्ही औषधे जुनी असूनही ई. कोलायवर आपल्याकडे अजून चांगली चालतात, आणि म्हणूनच ती जपून वापरली पाहिजेत. फार्मसीत जाऊन मागच्या वेळचीच गोळी स्वतःहून मागणे टाळा. सिप्रोफ्लॉक्सासिनची जी गत झाली तीच याही औषधांची होईल. मात्र एक लक्षात ठेवा, नायट्रोफ्युरँटॉइन लघवीत उतरून काम करते, मूत्रपिंडाच्या पेशींमध्ये पुरेसे पोहोचत नाही. थंडी वाजून ताप, कुशीत दुखणे किंवा उलट्या यांपैकी काहीही झाले तर ते मूत्राशयापुरते दुखणे राहिलेले नाही असे समजून त्याच दिवशी रुग्णालयात जावे. सुया, काढे, पेज हे सर्व त्या वेळी बाजूला ठेवावे.

मधल्या काळासाठी चिनी वनौषधींचा काही उपयोग आहे का? याचा कॉक्रेन या संस्थेने २०१५ मध्ये आढावा घेतला. त्यात ७ चाचण्या आणि २८२ स्त्रिया होत्या. संसर्ग पुन्हा होण्याचे प्रमाण कमी झाल्याचे संकेत त्यात मिळाले, परंतु चाचण्या लहान होत्या, त्यांच्या पद्धतीत त्रुटी होत्या, आणि म्हणून ठाम निष्कर्ष काढता येत नाही असे आढावा घेणाऱ्यांनी स्वतःच नमूद केले. माझे मत असे की या विषयावर अधिक चांगले संशोधन जरूर व्हावे, कारण प्रतिजैविकांना पर्याय शोधण्याची गरज खरी आहे. पण त्या संशोधनाची वाट पाहताना अनोळखी बाटली हा पर्याय होऊ शकत नाही.

आपल्यासाठी सिद्ध झालेले उपाय आधीच उपलब्ध आहेत, आणि आपल्या लिहिण्यात त्यांचा उल्लेख नाही याचे मला वाईट वाटले. पाळी थांबल्यानंतर योनिमार्गातील उपकारक जीवाणू कमी होतात व ई. कोलायला जागा मिळते. तेथे लावायच्या इस्ट्रोजेनच्या मलमाने हे बदलते. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ९३ स्त्रियांवरील चाचणीत वर्षाला दर स्त्रीमागे सरासरी ५.९ संसर्गांच्या जागी ०.५ संसर्ग झाले. हे मलम स्त्रीरोगतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच वापरायचे असते, विशेषतः स्तनाचा कर्करोग होऊन गेला असल्यास. दुसरे म्हणजे पाणी. कमी पाणी पिणाऱ्या १४० स्त्रियांवर झालेली एक चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतील निम्म्या स्त्रियांना रोज दीड लिटर पाणी अधिक प्यायला सांगितले, तेव्हा त्यांना वर्षभरात सरासरी १.७ संसर्ग झाले, तर बाकीच्यांना ३.२. त्या स्त्रिया पाळी चालू असलेल्या वयाच्या होत्या, तरी आपण शिक्षिका असल्यामुळे मी हे मुद्दाम लिहितो आहे. तासिकांमध्ये लघवीला जाता येत नाही म्हणून सकाळपासून पाणीच न पिण्याची सवय मी अनेक शिक्षिकांमध्ये पाहिली आहे.

तिसरे, साखर तपासा. मधुमेह असल्याचे कोणी सांगितले नाही आणि मधुमेह नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के, आढळले होते. त्यासोबत क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसे काम करते हे दाखवणारी रक्ताची तपासणी) आणि लघवी झाल्यानंतर मूत्राशयात किती शिल्लक राहते हे पाहणारी सोनोग्राफी करून घ्यावी. सहा महिन्यांत दोन किंवा वर्षात तीन संसर्ग झाले की त्याला वारंवार होणारा संसर्ग म्हणतात, आणि आपण त्या व्याख्येत बसत असाल तर बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या) बाह्यरुग्ण विभागात दाखवणे योग्य ठरेल.


सूचिका, मडगाव

मी अ‍ॅक्युपंक्चरचे उपचार करते. वरील डॉक्टरांच्या बाटलीविषयीच्या इशाऱ्याशी मी पूर्णपणे सहमत आहे. चिनी वैद्यकाची बाजू मांडण्यासाठी तो इशारा सौम्य करण्याची काहीच गरज नाही, कारण औषधाची ओळख पटवणे हे त्या परंपरेतही वैद्याचे पहिले कर्तव्य मानले आहे.

चिनी वैद्यकात लघवीच्या जळजळीच्या, अडखळण्याच्या विकारांना एकत्रितपणे ‘लिन’ म्हणतात. इ. स. ६१० च्या सुमारास चाओ युआनफांग या राजवैद्याने लिहून ठेवले की सर्व लिन विकारांच्या मुळाशी मूत्रपिंडांची दुर्बलता आणि मूत्राशयातील उष्णता असते. आजही त्याच चौकटीत विचार होतो. अचानक आलेली जळजळ, गडद पिवळी लघवी, जिभेवर पिवळसर चिकट थर आणि वेगवान नाडी असेल तर शरीराच्या खालच्या भागात दमट उष्णता साठली असे मानतात. ‘बा झंग’ हा योग या स्थितीसाठी आहे, दीर्घकाळ घेण्यासाठी मुळीच नाही. त्यातील बहुतेक द्रव्ये थंड गुणाची व मूत्रल, म्हणजे लघवी वाढवणारी आहेत, आणि अशक्त माणसाला ती जास्त दिवस दिली तर त्याची शक्ती आणखी खालावते, असे चिनी ग्रंथही सांगतात. आपल्यासारखा, थकव्यानंतर पुन्हा पुन्हा डोके वर काढणारा त्रास हा ‘लाओ लिन’ या वेगळ्या प्रकारात धरला जातो, आणि त्यात भर मूत्रपिंड व प्लीहेची ताकद वाढवण्यावर असतो. म्हणजे औषधातील वनस्पती शुद्ध असती तरी चिनी वैद्याने आपली नाडी व जीभ पाहून ही बाटली बहुधा आपल्याला दिली नसती. दुकानदाराने आपल्याला न पाहताच ती दिली, ही यातली दुसरी चूक.

अ‍ॅक्युपंक्चरविषयी नॉर्वेतील दोन चाचण्या उल्लेखनीय आहेत. पहिली १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत ६७ स्त्रिया होत्या आणि चार आठवडे आठवड्यातून दोनदा उपचार केले गेले. पुढील सहा महिन्यांत खऱ्या उपचाराच्या गटातील ८५ टक्के, खोट्या सुयांच्या गटातील ५८ टक्के आणि उपचार न घेतलेल्या गटातील ३६ टक्के स्त्रिया संसर्गमुक्त राहिल्या. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ९८ स्त्रियांच्या चाचणीत हे प्रमाण उपचार घेतलेल्यांत ७३ आणि न घेतलेल्यांत ५२ टक्के होते, आणि उपचार घेतलेल्यांच्या मूत्राशयात शिल्लक राहणारी लघवीही कमी झाल्याचे नोंदवले गेले. हे आकडे उत्साहवर्धक आहेत, तरी खोट्या सुयांनीही निम्म्याहून अधिक स्त्रियांना बरे वाटले हे माझ्या व्यवसायातील लोकांनी विसरू नये. कोणी मला विचारले तर मी सांगते की मधल्या काळात, इतर उपायांसोबत, करून पाहण्यासारखा हा उपचार आहे. जळजळ चालू असताना आलेल्या स्त्रीला मी आधी कल्चर करायला पाठवते.

उपचारात बहुधा ओटीपोटावर नाभीखालील मधल्या रेषेवरचा एक बिंदू, पायाच्या आतल्या घोट्याच्या चार बोटे वरचा बिंदू आणि कमरेच्या दोन्ही बाजूंचे बिंदू घेतले जातात. टोचताना मुंगीच्या चाव्याइतके जाणवते, मग त्या जागी जडपणा येतो. सुया आपल्यासमोर पाकीट फोडून काढलेल्या, एकदाच वापरायच्या असल्या पाहिजेत. हे पाकीट पाहण्याचा आग्रह धरायला संकोचू नका. सुया टोचण्यापूर्वी लघवी करून यावी, कारण भरलेल्या मूत्राशयावर ओटीपोटात सुई घालणे धोक्याचे आहे. गर्भवती स्त्रियांना यांतील काही बिंदू वर्ज्य आहेत आणि रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास तसे आधी सांगावे.

मराठी माणसाला चिनी वैद्यकाविषयी जवळीक वाटण्याचे एक कारण सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे आहे. ते १९३८ च्या भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. त्यांनी तिथे केली ती आधुनिक शस्त्रक्रिया. अ‍ॅक्युपंक्चर भारतात आणले ते त्याच पथकातील डॉ. विजयकुमार बसू यांनी, १९५९ च्या सुमारास कोलकात्यात. केंद्र सरकारने २०१९ मध्ये या पद्धतीला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. तेव्हा उपचार घ्यायचाच असल्यास उपचारकाचे शिक्षण कोठे झाले हे जरूर विचारावे.


वैद्य, डिचोली

आयुर्वेदाच्या बाजूने थोडेच लिहिते. आपल्याकडे या लक्षणांना मूत्रकृच्छ्र म्हणतात आणि चरकाने त्याचे आठ प्रकार सांगितले आहेत. दोन्ही परंपरांमधील द्रव्ये शेजारी ठेवून पाहिली तर मला नेहमी नवल वाटते. चिनी वैद्य लघवीतून रक्त जात असेल तर एका गवताची पांढरी मुळे देतात. ते गवत म्हणजे आपला दर्भ, जो आपल्या तृणपंचमुळात, म्हणजे पाच गवतांच्या मुळांच्या योगात, मूत्रकृच्छ्रासाठीच येतो. ‘बा झंग’मधील एक फळ अनंताचे आहे. हो, आपल्या अंगणातला, केसांत माळायचा तोच अनंत. आपल्याकडे लावतात त्या भरगच्च पाकळ्यांच्या अनंताला सहसा फळ धरत नाही म्हणून आपण ते पाहिलेले नसते. दुसरीकडे, आपल्याकडे लघवीच्या तक्रारींवर हमखास दिले जाणारे गोखरू चिनी वैद्यकात मुख्यतः डोळ्यांच्या व डोकेदुखीच्या तक्रारींसाठी वापरतात. त्यामुळे एका परंपरेतील औषध दुसरीच्या समजुतीने घेणे बरोबर नाही.

चिनी द्रव्यांचे गोव्याला पूर्वीपासून आकर्षण आहे. चीनहून येणारे चोपचिनीचे मूळ सोळाव्या शतकात गोव्यात मोठ्या मागणीचे होते आणि पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्टा यांनी १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याची सविस्तर चर्चा केली आहे. दुरून आलेल्या औषधावर चटकन विश्वास बसतो, हे मी माझ्या रुग्णांमध्ये रोज पाहते.

पण मी लिहायला बसले ते वेगळ्याच कारणासाठी. डॉक्टरांनी सांगितलेली अ‍ॅरिस्टोलोकिया ही केवळ परदेशी गोष्ट नाही. तिची एक जात आपल्या सह्याद्रीत व कोकणपट्टीत उगवते. तिला ईश्वरी म्हणतात, काही भागांत सापसंद. गावठी औषधांत सर्पदंशापासून पोटदुखीपर्यंत ती वापरण्याची रीत आहे, आणि तिच्यातही तेच आम्ल असते. ‘झाडपाला आहे, अपाय नाही’ या समजुतीने कोणीही तिचा काढा पोटात घेऊ नये. ज्यांना आयुर्वेदिक उपचार हवे असतील त्यांनी धारगळच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत किंवा नोंदणीकृत वैद्यांकडे जावे, चालू असलेल्या सर्व औषधांची यादी सोबत न्यावी, आणि रक्तदाब असेल तर ज्येष्ठमध असलेले काढे दीर्घकाळ घेऊ नयेत, कारण त्याने रक्तदाब वाढतो व शरीरातील पोटॅशियम घटते.


शांतादुर्गेची लेक, पेडणे

मी वैद्यकीय क्षेत्रातील नाही, आईची देखभाल करते. आईला मधुमेह आहे आणि तिलाही हा त्रास वरचेवर होतो. एका ओळखीच्या गृहस्थांनी कुरियरने मागवता येणारी ‘शुद्ध चिनी वनस्पतींची’ पावडर सुचवली होती. मी विक्रेत्याकडे घटकांची यादी मागितली. ‘ते आमचे गुपित आहे’ असे उत्तर आले. मी पुन्हा लिहिले की आईचे क्रिएटिनिन आधीच थोडे वाढलेले आहे, तेव्हा नुसती नावे तरी द्या. त्यावर उत्तरच आले नाही. मी पावडर मागवली नाही.

आईच्या बाबतीत खरा फरक पडला तो साखर आटोक्यात आल्यावर आणि बद्धकोष्ठता गेल्यावर. तिच्या डॉक्टरांनी समजावले की मलाशय भरलेले राहिले तर मूत्राशय नीट रिकामे होत नाही. आता ती लघवीला घाई न करता बसते, झाल्यावर थोडे थांबून पुन्हा प्रयत्न करते. वयस्कर माणसांच्या बाबतीत आणखी एक सांगावेसे वाटते. काहीही त्रास नसताना केवळ रिपोर्टमध्ये जीवाणू दिसले म्हणून आईला पूर्वी प्रतिजैविके दिली जात. नव्या डॉक्टरांनी ते बंद केले आणि सांगितले की लक्षणे नसतील तर, गर्भारपणासारखे अपवाद वगळता, त्याची गरज नसते.


अंत्रुजवासिनी, फोंडा

सर्वांनी एवढ्या आस्थेने आणि सविस्तर लिहिलेत, देव बरे करू. बाटली मी कपाटात ठेवून दिली आहे आणि बहिणीलाही हे सर्व वाचायला पाठवले आहे, म्हणजे ती शेजारणीला सांगू शकेल. इस्ट्रोजेनच्या मलमाविषयी मला आजवर कोणीच सांगितले नव्हते. पाण्याविषयी डॉक्टरांनी लिहिले ते तंतोतंत खरे आहे. आमच्या शाळेत शिक्षिकांचे स्वच्छतागृह इमारतीच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि दोन तासिकांच्या मध्ये तिथे जाऊन येणे शक्य होत नाही, म्हणून मधल्या सुट्टीपर्यंत पाणी टाळण्याची सवय लागली आहे. ही गोष्ट मी मुख्याध्यापिकांपुढे मांडणार आहे, कारण हा त्रास मला एकटीलाच होतो असे नाही, मोठ्या वर्गांतील मुलीही हेच करतात.

आणखी दोन शंका आहेत. शेजारणीने या गोळ्या बरेच महिने घेतल्या आहेत, तिने आता काय करावे? आणि माझा पुढचा संसर्ग सुरू झाला तर कल्चरचा निष्कर्ष येईपर्यंतचे दोन-तीन दिवस जळजळ सोसत थांबायचे का?


निवृत्त डॉक्टर, बार्देश

शेजारणीने गोळ्या थांबवून बाटलीसह तेथील डॉक्टरांकडे जावे, रक्तातील क्रिएटिनिन व लघवीतील प्रथिने तपासून घ्यावीत, आणि गोळ्या किती काळ व किती प्रमाणात घेतल्या हे लिहून द्यावे. बाटलीवर चिनी भाषेत घटकांची नावे असतील तर सिंगापूरमध्ये ती वाचून देणारे सहज मिळतील, ही तिच्या बाजूने चांगली गोष्ट आहे. बाटली फेकून देऊ नये. घटकांमध्ये मू टोंग असेल आणि ते कोणते हे कळत नसेल, तर तपासण्या ठीक आल्या तरी पुढील काही वर्षे वेळोवेळी मूत्रपिंडाची तपासणी व लघवीत रक्त आहे का हे पाहत राहावे लागेल. लघवीतून रक्त दिसले तर, दुखत नसले तरीही, लगेच मूत्ररोगतज्ज्ञांकडे जावे.

आपल्या दुसऱ्या शंकेचे उत्तर: थांबायची गरज नाही. लघवीचा नमुना मात्र औषधाची पहिली गोळी घेण्यापूर्वी द्यावा. स्वच्छ धुऊन, सुरुवातीची थोडी लघवी जाऊ देऊन मधली धार निर्जंतुक बाटलीत घ्यावी, आणि बाटली दोन तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचावी. उशीर होणार असेल तर ती फ्रीजमध्ये ठेवावी, कारण आपल्या हवेत जीवाणू बाटलीतच वाढतात आणि निष्कर्ष चुकतो. नमुना दिल्यावर आपले डॉक्टर मागील कल्चर पाहून औषध सुरू करतील, आणि नवा निष्कर्ष वेगळा आला तर बदलतील. वेदनेसाठी साधे पॅरासिटामॉल व ओटीपोटावर गरम पाण्याची पिशवी चालेल. मुख्याध्यापिकांशी बोलण्याचे जरूर करा, आणि शक्य असल्यास मुलींसाठीही दोन तासिकांनंतर पाच मिनिटांची सुट्टी मागा.